फ्लाइट सिमसाठी छोटा, उचलून नेता येणारा तयार पीसी: नक, झोटॅक, कॉर्सेअर वन की सरळ लॅपटॉप?

आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकू. "कॉम्पॅक्ट गेमिंग पीसी" म्हणून जे विकलं जातं ते सगळं एकाच जातीचं नसतं, बाहेरून बघाल तर सगळे काळे डबे, पण आत काहींमध्ये लॅपटॉपचे पार्ट आणि काहींमध्ये खरे डेस्कटॉपचे, आणि फ्लाइट सिमला (कॉम्प्युटरवर विमान उडवायचं सॉफ्टवेअर) हा फरक चांगलाच जाणवतो. शूटिंग गेम खेळणाऱ्याला मस्त वाटणारं मशीन इकडे मुंबईच्या रनवे २७ वर फायनलला (उतरायच्या शेवटच्या टप्प्याला) आलं की धापा टाकायला लागतं.

हे का होतं ते स्वतः बघायचं असेल तर मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये डेव्हलपर मोड चालू करा आणि एफपीएसचा (सेकंदाला किती फ्रेम दिसतात त्याचा) डबा स्क्रीनवर आणा. कोपऱ्यात तो सतत सांगत असतो की आत्ता कोण कोणासाठी थांबलंय. अरबी समुद्रावर ३५ हजार फुटांवर निवांत चालला असाल तर बहुतेक वेळा तिथे जीपीयू दिसेल, म्हणजे ग्राफिक्स कार्ड पूर्ण ताकदीने राबतंय. आता एअरबस ए३२० घेऊन खाली या, समोर अख्खं शहर, खाली ट्रॅफिक, कॉकपिटमधले सगळे डिस्प्ले चालू, आणि बघा, तिथलं नाव बदलून "मेन थ्रेड" झालेलं असतं. आता कार्ड मोकळं बसलंय आणि प्रोसेसरचा एकच कोअर सगळ्यांचा भार वाहतोय. इथे कितीही महाग कार्ड टाकलं तरी फ्रेम वाढत नाहीत, आणि लँडिंगच्या नेमक्या त्या शेवटच्या मिनिटात अडखळायला लागतं.

म्हणून सिमवाले लोक एएमडीच्या एक्स३डी प्रोसेसरच्या मागे लागलेले असतात. २०२२ मध्ये ५८००एक्स३डी आला, मग २०२३ ला ७८००एक्स३डी, २०२४ च्या नोव्हेंबरात ९८००एक्स३डी, तिघांतही ९६ एमबी एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) आहे, आणि सिमसारख्या पसरलेल्या डेटावर काम करणाऱ्या सॉफ्टवेअरला तो कॅशे जबरदस्त मानवतो. छोट्या तयार डब्यांची गोची इथेच आहे, त्यातले बरेचसे इंटेलवर चालतात.

दुसरी गोष्ट व्हीरॅम, म्हणजे ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४ साठी कंपनीने स्वतः जे आकडे दिलेत त्यात किमान म्हणजे १६ जीबी रॅम आणि ४ जीबी व्हीरॅम, रेकमेंडेड मध्ये ३२ आणि ८, आणि "आयडियल" मध्ये ६४ जीबी रॅम, १२ जीबी व्हीरॅम, सोबत आरटीएक्स ४०८० च्या तोडीचं कार्ड. किमानवर खेळू नका, नुसता मनस्ताप. माझ्या मते ३२ जीबी रॅम आणि १२ जीबी व्हीरॅम ही आजची खरी सुरुवात आहे, आणि व्हीआर (डोळ्यांवर हेडसेट चढवून) करायचं असेल तर १६ जीबी व्हीरॅमच्या खाली बघूच नका.

आता एकेक डबा घेऊ.

असूसचा आरओजी नक. इंटेलने २०२३ मध्ये नक या आपल्या छोट्या पीसींचा धंदा असूसकडे दिला, त्यानंतर आलेला हा गेमिंग अवतार. २०२४ चा आरओजी नक ९७० अडीच लिटरचा, म्हणजे कॉलेजच्या सॅकमध्ये डबा-बाटलीच्या शेजारी बसेल एवढा. आत कोअर अल्ट्रा ९ १८५एच आणि आरटीएक्स ४०७०. वाचायला भारी वाटतं ना, पण ते ४०७० लॅपटॉपचं आहे. डेस्कटॉपच्या ४०७० ला १२ जीबी व्हीरॅम आणि २०० वॅट, लॅपटॉपच्या ४०७० ला ८ जीबी आणि जास्तीत जास्त १४० वॅट. नाव तेच, माल वेगळा. दुकानदार हे आपणहून सांगत नाही आणि ऑनलाइन लिस्टिंगमध्ये "लॅपटॉप" हा शब्द शोधायला भिंग लागतं. वर प्रोसेसरसुद्धा लॅपटॉपचाच, त्यामुळे मेन थ्रेडचं दुखणं आहे तिथेच. फुल एचडी मॉनिटर, मिडियम सेटिंग, सेसना १७२ घेऊन बारामतीच्या पट्टीवर सर्किट मारायची तर हा पुरतो. एअरलायनर आणि ४के साठी नको.

२०२५ चा नक मात्र वेगळं प्रकरण आहे, तीन लिटरचा, कोअर अल्ट्रा ९ २७५एचएक्स आणि वरच्या मॉडेलमध्ये लॅपटॉपवालं ५०८०, त्याला १६ जीबी व्हीरॅम. हा खरंच धावतो. पण याच्या किमतीच्या आसपास तुम्हाला त्याच चिपचा अख्खा लॅपटॉप मिळतो, स्क्रीन, कीबोर्ड, बॅटरी सगळं धरून, मग हा डबा का घ्यायचा याचं उत्तर एकच उरतं, टेबलावर छान दिसतो.

झोटॅक मॅग्नस वन. हा माझा आवडता, जरा दुर्लक्षित गडी. ८.३ लिटर, आणि आत खरं डेस्कटॉप कार्ड, खरा सॉकेटवाला प्रोसेसर. आय७-१३७०० आणि १२ जीबीचं डेस्कटॉप ४०७० असलेलं मॉडेल सिमसाठी एकदम समजूतदार जोडी आहे, पॉवर सप्लायही आतच, म्हणजे विटेएवढा अडॅप्टर वेगळा वागवायचा नाही. घेताना एकच बघा, याची बेअरबोन आवृत्तीही विकली जाते, तिच्यात रॅम, एसएसडी, विंडोज काहीच नसतं. किंमत बघून उड्या मारू नका, आधी ते तीन खर्च मिळवा, आणि २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव असे चढलेत की ३२ जीबीची जोडी हा आता किरकोळ खर्च राहिलेला नाही. पुढे मोठं कार्ड टाकायची स्वप्नं बघू नका, जागा आणि पॉवर सप्लाय दोन्ही मोजूनमापून दिलेत.

कॉर्सेअर वन. उभा, बारीक टॉवर, टेबलाचा कोपरा पुरतो. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही पाण्याने थंड होतात त्यामुळे आवाज कमी, आणि सिममध्ये तीन-तीन तास बसणाऱ्याला ते फार बरं वाटतं. आय५०० मॉडेलमध्ये आय९-१४९००के आणि ४०८० सुपर किंवा ४०९०, म्हणजे वर जे "आयडियल" म्हटलं ते इथे आरामात मिळतं. उचलून नेण्याच्या दृष्टीने आणखी एक फायदा, कार्ड मदरबोर्डवर आडवं लटकलेलं नसतं. साध्या कॅबिनेटमध्ये दीड-दोन किलोचं कार्ड एका स्लॉटवर लोंबत असतं, ते तसंच गाडीच्या डिकीत टाकून घाटातून नेलं तर स्लॉटवर ताण येतो, म्हणून नेताना कार्ड काढून ठेवावं लागतं. इथे ती कटकट नाही.

पण एक भानगड लक्षात ठेवा. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या वरच्या डेस्कटॉप प्रोसेसरना व्होल्टेजच्या गडबडीमुळे हळूहळू अस्थिर होण्याचा आजार होता, इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोड अपडेट काढले आणि वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. तेव्हा आय५०० किंवा १३व्या-१४व्या पिढीचा कुठलाही वरचा डेस्कटॉप डबा घेतलात तर पहिल्या दिवशी सिम डाउनलोडला लावायच्या आधी बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर, ते अपडेट त्यातूनच येतात) अपडेट करा. सेकंडहँड घेताय तर आधीच्या मालकाने ते कधी केलं होतं हे विचारा, आणि त्याला माहीतच नसेल तर पुढचा डबा बघा.

फाल्कन नॉर्थवेस्ट अमेरिकेतल्या वाचकांसाठी. १९९२ पासूनची ऑरेगनमधली कंपनी, ऑर्डरप्रमाणे बांधून देते. टिकी म्हणजे चार इंच रुंदीचा उभा डबा, फ्रॅगबॉक्सला वर चक्क हँडल. इथे ९८००एक्स३डी आणि मोठं डेस्कटॉप कार्ड अशी जोडी मागता येते, म्हणजे या सगळ्या यादीत सिमसाठी सगळ्यात बरोबर मशीन हेच, आणि पैसेही त्याच हिशोबाने. कोणी न्यू जर्सीहून पुण्याला येताना सोबत आणायचा विचार करत असेल तर थांबा: १८ वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप ड्युटीशिवाय आणता येतो, डेस्कटॉपला ती सवलत नाही. आणि इथे बिघडला तर परत ऑरेगनला पाठवणार कोण.

मग लॅपटॉप? बघा, "पोर्टेबल" म्हणताना लोक फक्त डब्याचं वजन धरतात. डबा अडीच लिटरचा असू दे, त्याच्यासोबत मॉनिटर, कीबोर्ड, माउस, योक (विमानाचं स्टिअरिंग), थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमीजास्त करायचा दांडा) आणि पायाने चालवायचे रडर पेडल हे सगळं कोण नेणार? हनीकोंब कंपनीचा योक एकटाच नकपेक्षा जास्त जागा खातो. डोमेस्टिक विमानात केबिन बॅगेला ७ किलोची मर्यादा असते, त्यात नक बसतो, मॉनिटर बसत नाही. त्यामुळे खरंच महिन्या-दोन महिन्याला जागा बदलणारा माणूस असेल, गोंदियाला सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स) करणारा कॅडेट म्हणा किंवा साइटवर फिरणारा इंजिनीअर, तर त्याने एवढी तुलना वाचत न बसता लॅपटॉप घ्यावा आणि सोबत एक छोटी साइडस्टिक (जॉयस्टिक). १२ जीबीवालं लॅपटॉप ५०७० टीआय किंवा १६ जीबीवालं ५०८० बघा, लॅपटॉपचं ५०७० घेऊ नका, ते परत ८ जीबीवरच अडकलंय. बजेट मोठं असेल तर रायझन ९ ९९५५एचएक्स३डी असलेले लॅपटॉप आहेत, त्यात तो कॅशेवाला फायदाही मिळतो. विमानात नेताना लॅपटॉप केबिनमध्येच ठेवायचा, बॅटरी १०० वॅट-अवरच्या आतली लागते आणि बहुतेक गेमिंग लॅपटॉप मुद्दाम ९९ च्या आसपास थांबवलेले असतात.

लॅपटॉपचा तोटा म्हणजे आवाज आणि उष्णता. मे महिन्यात विदर्भात बिनएसीच्या खोलीत ४०-४२ अंशांत पंखे जे कोकलतात ते हेडफोन लावूनही ऐकू येतं. नकचंही तेच. कॉर्सेअर वन इथे जिंकतो.

आता यूएसबी. सिमवाल्याला किती पोर्ट लागतात ते मोजा: योक, थ्रॉटल, पेडल, हेड ट्रॅकर (मान वळवली की सिममधली नजर वळवणारा), माउस, कीबोर्ड, हेडसेट, झाले सात. छोट्या डब्यात एवढे क्वचितच मिळतात, आणि मिळाले तरी पुढेमागे विखुरलेले. स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्या, बिनपॉवरचा दोनशे रुपयांचा हब ऐन फ्लेअरमध्ये (चाकं टेकायच्या आधी नाक उचलताना) पेडल सोडून देतो. आणि दर वेळी सोडून-जोडून वापरणार असाल तर प्रत्येक वायरला आणि पोर्टला एकाच रंगाची इन्सुलेशन टेप लावा. दुसऱ्या पोर्टात घातलं की विंडोज कधीकधी त्याला नवीन वस्तू समजतं आणि तुमचे बसवलेले सगळे अॅक्सिस (कुठला दांडा काय हलवतो ते सेटिंग) गायब. डीसीएसमध्ये (लढाऊ विमानांचा सिम) हा ताप जास्त.

नेटचंही बघून घ्या. मायक्रोसॉफ्टचा २०२४ चा सिम इन्स्टॉल होतो साधारण ५० जीबीत, पण बाकी सगळं उडता उडता इंटरनेटवरून ओढतो, कंपनीच्याच आकड्यांप्रमाणे रेकमेंडेड ५० एमबीपीएस. हॉस्टेलच्या वायफायवर वीस पोरं रील बघत असतील तर ४०९० असून उपयोग शून्य, खाली जमीन चिखलासारखी दिसणार. अशांनी एक्स-प्लेन १२ हा दुसरा सिम घ्यावा, त्याची सीनरी (खालची जमीन, शहरं) डिस्कवर असते. आणि फक्त एक्स-प्लेनच करायचं असेल तर या सगळ्यापेक्षा छोटा पर्याय आहे, मॅक मिनी एम४, पाऊण किलोच्या आतला. त्यावर एक्स-प्लेन १२ थेट चालतो, मायक्रोसॉफ्टचा सिम आणि डीसीएस नाहीत. यूएसबीचे सगळे पोर्ट सी-टाइपचे, म्हणजे तिथेही हब आलाच.

तर माझी निवड सांगतो. वर्षातून दोन-तीनदा हलवायचं असेल, गाडीने, आणि दोन्हीकडे मॉनिटर असेल तर झोटॅक, बजेट मोठं असेल तर कॉर्सेअर वन. अमेरिकेत असाल तर एक्स३डीवाला फ्रॅगबॉक्स. सतत फिरती असेल तर लॅपटॉप. ८ जीबीवाला नक कोणी फुकट दिला तरच.

आणि डेस्कटॉप घेणार असाल तर यूपीएस त्याच बजेटमध्ये धरा. दुकानात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॅटच देतो, ४०८० वाला डबा सिम चालताना त्याच्या वर जातो आणि लाइट गेली की यूपीएस पण लगेच मान टाकतो. १ केव्हीएच्या वरचा, शक्यतो प्युअर साइन वेव्हचा बघा. तो काही पोर्टेबल नसतो, तेव्हा दोन घरं असतील तर दोन घ्यावे लागतील.