जिनिव्हाच्या नावाने आलेलं बिल

परदेशात ट्रेडमार्क नोंदवलेल्या किंवा नोंदवायच्या बेतात असलेल्या खानदेशातल्या कारखानदारांसाठी हे लिहितोय. मसालेवाले, डाळमिलवाले, केळीचे वेफर्सवाले, पाइपवाले, सगळ्यांनीच वाचा. आमच्या कारखान्यातून सव्वादोन लाखांच्या आसपास रक्कम एका बनावट 'नोंदणी फी'पोटी युरोपात गेली आणि ती परत आलेली नाही.

आमचा जळगाव एमआयडीसीत प्लॅस्टिकच्या चटयांचा कारखाना आहे. मोर हा आमचा ट्रेडमार्क. जळगावची चटई आखाती देशांत आणि आफ्रिकेत जाते हे इथल्या माणसाला सांगायला नको. माल चालायला लागला की नावाची नक्कलही होते. त्यातच शारजाचा आमचा एक व्यापारी इथे आला असताना सहज बोलल्यासारखं म्हणाला, "मोराचा मार्क मी तिकडे माझ्या नावावर करून घेतो, तुम्ही कशाला धावपळ करता?" नानांनी त्याला भरीत-भाकरी खाऊ घातली आणि तो विषय तिथेच संपवला. तो गेल्यावर मात्र म्हणाले की काहीही करा, पण हे काम आपल्याच नावाने करा.

नानांचं बरोबर होतं. ट्रेडमार्क देशापुरता असतो. आपलं भारतातलं प्रमाणपत्र दुबईच्या बंदरावर चालत नाही. तिथे मार्क ज्याच्या नावावर असेल, तो उद्या आपलाच माल 'नकली' म्हणून अडवायला निघू शकतो. कमी दराने माल मागायला त्याच्या हातात ते हत्यारच होतं.

पूर्वी प्रत्येक देशात वेगळा वकील धरून वेगळा अर्ज करावा लागे. भारत ८ जुलै २०१३ पासून माद्रिद प्रोटोकॉल या आंतरराष्ट्रीय करारात आहे. संयुक्त अरब अमिरात २८ डिसेंबर २०२१ पासून आत आली, ओमान त्याच्या बऱ्याच आधीपासून आहे. त्यामुळे आपल्याकडच्या अर्जावर किंवा नोंदणीवर आधारलेला एकच आंतरराष्ट्रीय अर्ज करायचा. तो भारताच्या ट्रेडमार्क कार्यालयातून ऑनलाइन जिनिव्हाला, जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे, म्हणजे वायपोकडे जातो. इथली हाताळणी फी ५,००० रुपये. जिनिव्हाची मूळ फी काळ्या-पांढऱ्या चिन्हाला ६५३ स्विस फ्रँक, रंगीत असेल तर ९०३. शिवाय जे देश निवडाल त्यांची फी वेगळी. अर्जात मालाचा वर्गही द्यावा लागतो, चटया २७ व्या वर्गात येतात. आम्ही काळा-पांढरा मोर दिला.

हे आकडे आज मला तोंडपाठ आहेत, पण तेव्हा आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हते, कारण ते आम्हाला कोणी सांगितलेच नव्हते. मुंबईच्या सल्लागाराने 'सगळं मिळून इतके' असा एक ठोक आकडा दिला, दादाने तो भरला. जिनिव्हाला किती गेले, इथल्या कार्यालयाला किती, त्याची स्वतःची फी किती, याचा एकही कागद फाइलला नव्हता. सल्लागार लबाड होता असं मी म्हणत नाही, त्याने काम चोख केलं. पण पुढे जे झालं त्याचं मूळ या ठोक आकड्यात आहे. आधी काय भरलंय हेच माहीत नसेल, तर समोर आलेलं बिल उरलेल्या रकमेचं आहे की भलतंच काही आहे हे कोण सांगणार?

आंतरराष्ट्रीय नोंदणी झाल्याचं प्रमाणपत्र सल्लागारामार्फत आलं. ऑफिसात पेढे वाटले. त्यानंतर काही आठवड्यांनी ते पाकीट आलं.

पाकीट साध्या टपालाने, थेट कारखान्याच्या पत्त्यावर आलं होतं. आत जाड, किंचित पिवळसर कागद. डाव्या कोपऱ्यात निळं वर्तुळ, त्यात पृथ्वीचा गोल आणि भोवती इंग्रजीत 'ट्रेडमार्क', 'इंटरनॅशनल', 'रजिस्टर' असे शब्द अशा बेताने बसवलेले की वाचणाऱ्याने ते सरकारीच समजावेत. मध्ये चौकटीत आमचा मोर. चोच, पिसारा, खालचं नाव, सगळं हुबेहूब. शेजारी आंतरराष्ट्रीय नोंदणी क्रमांक, नोंदणीची तारीख, वर्ग २७, निवडलेले देश, कारखान्याचा प्लॉट नंबरसुद्धा. सगळं बरोबर, एक अक्षर चुकलेलं नाही. खाली बारकोड, रक्कम २,३४० युरो आणि लाल अक्षरात भरणा करण्याची शेवटची तारीख. तीही जेमतेम दहा दिवसांवर.

आमच्या हिशेबनीसांनी ते बिल देण्याच्या गठ्ठ्यात लावलं. दादाने मोर पाहिला, नंबर प्रमाणपत्राशी ताडून पाहिला, जुळला. बँकेने परदेशी पैसे पाठवण्याचा ए-२ फॉर्म भरून घेतला आणि बिलाची प्रत जोडली. कागद पुरे होते, त्यामुळे बँकेला हरकत घेण्यासारखं काही दिसलं नाही. पैसे गेले.

वर्षअखेरीला सल्लागाराकडून जुना हिशेब मागवला तेव्हा बिंग फुटलं. "ही कसली फी? जिनिव्हाचं तर मी अर्जाबरोबरच सगळं भरलंय." फोनवर त्याने एवढंच विचारलं की बिलावरचा खाते क्रमांक कोणत्या अक्षरांनी सुरू होतो. आम्ही वाचून दाखवलं, 'पीएल'. म्हणजे पोलंड. वायपोचं कार्यालय स्वित्झर्लंडमध्ये, आणि तिथल्या खात्याचा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, 'सीएच'ने सुरू होतो. दोन अक्षरांत सगळा खेळ उघडा पडला.

मग आम्ही तो कागद उलटा केला. मागे फिक्या राखाडी रंगात, मुंगीएवढ्या अक्षरांत इंग्रजी मजकूर होता. नानांनी चष्मा पुसला, कागद डोळ्यांजवळ धरला आणि माझ्या हातात देत म्हणाले, "हाई काय शे रे भाऊ?" मी वाचून अर्थ सांगितला. हे बिल नसून प्रस्ताव आहे. आमच्या खाजगी ऑनलाइन यादीत तुमचा मार्क छापण्याचा हा प्रस्ताव आहे. रक्कम भरलीत की तुम्ही तो स्वीकारला असं धरलं जाईल. आमचा कोणत्याही सरकारी कार्यालयाशी संबंध नाही. पुढून बिल, मागून प्रस्ताव! इतकी विचारपूर्वक केलेली लबाडी मी आमच्या धंद्यात पाहिलेली नाही, आणि आमच्या धंद्यात वजनात मारणारे कमी नाहीत.

त्या राखाडी मजकुराची किंमत पुढे कळली. बँकेने रक्कम परत मागणारा संदेश पाठवला, पण एकदा समोरच्या खात्यात पैसे जमा झाले की खातेदाराच्या संमतीशिवाय ते सहसा परत येत नाहीत. उत्तर आलं नाही. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर आणि सायबर पोर्टलवर तक्रार दिली. तिथला माणूस सौजन्याने बोलला, पण त्याचा प्रश्न रास्त होता: तुमचा ओटीपी कोणी घेतला नाही, खातं कोणी हॅक केलं नाही, पैसे तुम्हीच रीतसर बँकेतून पाठवलेत, आणि खातं परदेशात आहे. १९३० चा उपयोग पैसे इथल्याच खात्यांतून फिरत असताना, पहिल्या काही तासांत होतो. आम्हाला तर कळायलाच काही महिने गेले होते.

असल्या लोकांना कधीच शिक्षा होत नाही असं मात्र नाही. अमेरिकेच्या ट्रेडमार्क कार्यालयासारखी नावं घेऊन अशीच पत्रं पाठवणाऱ्या लॅटव्हियाच्या एका माणसाला २०२१ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने चार वर्षांहून जास्त कैद सुनावली. पण त्यासाठी त्याला अमेरिकेच्या हाती लागावं लागलं. जळगावच्या सव्वादोन लाखांसाठी पोलंडला कोण जाणार?

आता सगळ्यांना पडतो तो प्रश्न: आमची इतकी बिनचूक माहिती त्यांच्याकडे गेली कशी? आमच्या ऑफिसात दोन दिवस हीच चर्चा. कोणी सल्लागाराच्या पोऱ्यावर संशय घेतला, कोणी हिशेबनीसांवर. बिचारे हिशेबनीस त्या दोन दिवसांत नीट जेवले नाहीत. खरं उत्तर अगदी साधं आहे. नोंदणी झाली की वायपो ती आपल्या राजपत्रात छापते, आणि ते राजपत्र जगात कोणीही फुकट पाहू शकतो. मालकाचं नाव, पत्ता, चिन्ह, वर्ग, देश, सगळं त्यात असतं. नोंदणी उघड असणं हाच तिचा हेतू आहे, म्हणजे कोणाची हरकत असेल तर त्याला घेता यावी. हे लोक नवीन अंक निघाला की त्यातली नावं उचलतात आणि पत्रं छापतात. आपल्याकडचं ट्रेडमार्क जर्नलही दर सोमवारी निघतं आणि त्यातही अर्जदाराचा पत्ता असतो. तेव्हा पत्रात तुमचा नंबर आणि चिन्ह बरोबर आहे, याने काहीही सिद्ध होत नाही. दादाने नंबर ताडून पाहिला, पण ताडायचा होता तो पैसे घेणारा.

नंतर एमआयडीसीत चौकशी केली. एका डाळमिलवाल्यांच्या खणात अशी तीन पत्रं निघाली, तिन्हींवर वेगवेगळं वर्तुळ आणि वेगवेगळा देश. त्यांनी एकही भरलं नव्हतं, पण त्याचं कारण सावधपणा नव्हे, उधारी थकवायची सवय! एका पाइपवाल्यांना ईमेल आला होता की चीनमधली एक कंपनी तुमच्या नावाचं डोमेन आणि मार्क तिकडे नोंदवायला निघाली आहे, तिला तुम्ही अधिकार दिला नसेल तर आजच आमच्याकडून नोंदवून घ्या. हाही जुनाच धंदा आहे. तशी कोणी कंपनी बहुधा नसतेच.

खरं पत्र कसं येतं ते सांगतो, म्हणजे खोटं ओळखता येईल. १ फेब्रुवारी २०२१ पासून माद्रिदच्या अर्जात अर्जदाराचा ईमेल देणं सक्तीचं आहे आणि वायपोचा पत्रव्यवहार त्यावरच होतो. अर्जात प्रतिनिधी म्हणून सल्लागाराचं नाव असेल तर पत्र त्याच्याकडे जातं. मग त्याला वगळून थेट कारखान्यावर जाड कागदाचं बिल कशाला येईल? फी अर्जाबरोबरच भरलेली असते. कमी पडली असेल तर तफावतीची सूचना येते, पण नोंदणी होण्याच्या आधी. प्रमाणपत्र हातात पडल्यावर 'प्रकाशनाची', 'यादीत नाव ठेवण्याची' किंवा 'देखरेखीची' अशी कोणतीही वेगळी फी नाही. नोंदणी दहा वर्षांची असते आणि नूतनीकरणाची आठवण वायपो मुदत संपायच्या सहा महिने आधी स्वतः पाठवते. फसवणारे तीच पत्रं कितीतरी आधी पाठवतात, म्हणजे खरी आठवण यायच्या आत पैसे निघतात. वायपोच्या संकेतस्थळावर अशा फसव्या बिलांच्या प्रती टाकलेल्या आहेत. आमचं वर्तुळ नेमकं त्यात नव्हतं, पण त्याची सख्खी भावंडं होती.

खरा खर्च मात्र पुढेही निघतो, आणि तो आला म्हणून घाबरू नका. जिनिव्हाची नोंदणी म्हणजे निवडलेल्या देशाने संरक्षण दिलंच असं नाही. तो देश स्वतः तपासतो आणि बारा किंवा अठरा महिन्यांच्या आत तात्पुरता नकार देऊ शकतो. आम्हालाही एका देशातून तसा नकार आला. ना शिक्का, ना मोर, सल्लागाराने पुढे पाठवलेली एक रटाळ पीडीएफ. नानांना तर तीच खोटी वाटली. तिला उत्तर द्यायला तिथला वकील लावावा लागला आणि त्याचे पैसे द्यावे लागले. पण या वेळी आधी वायपोचं माद्रिद मॉनिटर हे ऑनलाइन पान उघडलं. ते फुकट आहे, नोंदणी क्रमांक टाकला की आपल्या मार्कवर आजवर काय काय झालं ते तारखेनिशी दिसतं. नकाराची नोंद तिथे होती. मग त्या वकिलाची पावती, तिथल्या कार्यालयाच्या फीची पावती आणि सल्लागाराची फी, असं तिन्ही वेगवेगळं लिहून घेतलं आणि त्यानंतरच पैसे सोडले.

आमच्या मार्कची जिनिव्हाची पुढची फी २०३४ मध्ये आहे. ती तारीख हिशेबनीसांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. त्याआधी जे बिल येईल ते मोबाइलवर फोटो काढून मुंबईला जातं, आणि तिकडून लेखी 'भरा' आल्याशिवाय दादाच्या टेबलावर ठेवलं जात नाही.