सातवीची सहल : विजापूर की नान्नज-नळदुर्ग?

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या स्टाफरूममध्ये दरवर्षी हाच विषय निघतो. सहल सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या आधी उरकायची, मुक्काम नको, सातच्या आत पोरं घरी. एवढ्या अटी घातल्या की सोलापुरातून दोनच गोष्टी उरतात. एक विजापूर. दुसरी, सकाळी नान्नजचं माळढोक अभयारण्य आणि दुपारी नळदुर्गचा किल्ला. मी दोन्हीकडे पोरं घेऊन गेलोय, विजापूरला तर चारदा. ज्यांना यंदा ठरवायचंय त्यांच्यासाठी लिहितो.

विजापूरचं पारडं जड आहे हे आधीच मान्य. अफजलखान जिथून निघाला ते गाव पोरांना पुस्तकातून माहीत असतं. टाकळीचा पूल ओलांडून भीमेपलीकडे गेलं की पाट्या कन्नड होतात. मग वर्गातल्या ज्या एखाद्याला कन्नड वाचता येतं तो गावापर्यंत साऱ्या बसचा पुढारी होतो. मलिक-ए-मैदान तोफ 1549 साली अहमदनगरात ओतलेली, वजन सुमारे 55 टन. तिच्या तोंडाशी जबड्यात हत्ती धरलेला सिंह कोरलाय, तिथून पोरं हलत नाहीत. इब्राहिम आदिलशहाची कबर असलेला इब्राहिम रोजा तर मला स्वतःला गोलघुमटापेक्षा जास्त आवडतो.

पण सहल जाते ती गोलघुमटासाठी. मुहम्मद आदिलशहाची ही कबर. घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे 44 मीटर आणि आत एकही खांब नाही. एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी तो भार चौकोनी भिंतींवर कसा उतरवलाय, ते खाली उभं राहून दाखवता येतं. त्यानंतर कोपऱ्यातल्या मनोऱ्याचा अरुंद जिना चढून वरच्या सज्जात जायचं. भिंतीशी तोंड नेऊन हळू बोललं की समोरच्या टोकाला ऐकू येतं, ते ऐकायला.

चार सहलींत ते मला एकदाही पोरांना ऐकवता आलेलं नाही. डिसेंबरात वर एकाच वेळी चार-पाच शाळा असतात. शिट्ट्या, आरोळ्या, नावांचा पुकारा, आणि एकेका आवाजाचे अनेक प्रतिध्वनी. पोरांची चूक नाही, असा घुमट दिसल्यावर ओरडावंसं वाटणारच. शेवटच्या वेळी मी एका मुलीला भिंतीशी उभं केलं, तिच्या मैत्रिणीला समोर पाठवलं आणि दहा मिनिटं थांबलो. परत आल्यावर ती म्हणाली, "सर, ती काय बोलली ते ऐकूच आलं नाही की." शंभर किलोमीटर जायचं, जिना चढायचा, आणि ज्यासाठी चढलो तेवढंच राहून जायचं. हे मला फार लागलं. सकाळी दार उघडताच पोहोचलं तर कदाचित जमेल, पण त्यासाठी पहाटे चारला पोरं शाळेत बोलवावी लागतील. आमचे पालक त्याला तयार नव्हते.

नान्नज बार्शी रोडवर, वीस-बावीस किलोमीटरवर. इथली अडचण सरळ सांगतो : माळढोक दिसेल असं पोरांना सांगू नका. 1979 साली ज्याच्यासाठी अभयारण्य झालं तो पक्षी आता इथे जवळजवळ दिसतच नाही, साऱ्या देशात दीडशेच्या आत उरलाय. "सर, माळढोक कुठाय?" हा प्रश्न येणारच, आणि तिथे उभं राहून उत्तर द्यावं लागतं. मीटरभर उंचीचा हा पक्षी जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो. डोळे बाजूला असल्याने उडताना समोरची वीजवाहिनी त्याला वेळेत दिसत नाही. पोरांनी मान वर करून रस्त्याकडेच्या तारा पाहिल्या. मला वेगळं काही शिकवावं लागलं नाही.

काळवीट मात्र आम्हाला दिसले. सकाळी सातच्या थंडीत, पिवळ्या गवतात, काळा नर आणि मागे बदामी रंगाच्या माद्या. चाळीस पोरं आपणहून गप्प झाली. चंडोल गात होता तो सगळ्यांना ऐकू आला.

बसमध्ये परतल्यावर सगळे मोज्यांतली कुसळं उपटत बसले. एका मुलाने तळहातावर कुसळ ठेवून त्यावर बाटलीतलं थेंबभर पाणी टाकलं, तर ते हळूहळू वळायला लागलं. ओल लागली की कुसळाची पीळदार शेपटी फिरते आणि बी जमिनीत रुतत जातं. नळदुर्ग येईपर्यंत बसमधल्या सगळ्या बाटल्या रिकाम्या!

नळदुर्गाबद्दल थोडक्यात. आदिलशाहीच बघायची तर इथेही ती आहे. बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल बांधलाय. पाणी वरून कोसळत असतानाही आतल्या खिडकीत कोरडं उभं राहता येतं. नर-मादी धबधबे भर पावसाळ्यातले, डिसेंबरात ते मिळत नाहीत, ही या सहलीची खरी उणीव. पण पायऱ्या उतरून भिंतीच्या आत शिरल्यावर पोरांना बांधकाम कळतं. शेंगाचटणी-भाकरीचे डबे आम्ही किल्ल्यातच उघडले.

खर्चात नान्नज-नळदुर्ग स्वस्त पडतं. अंतर कमी, आणि शालेय सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते. खासगी बसने विजापूरला जायचं तर कर्नाटकचा परमिट वेगळा काढावा लागतो.

दहावीची मुलं असतील, त्यांना स्थापत्यात गोडी असेल, तर विजापूरला जरूर न्या, फक्त इब्राहिम रोजाला जास्त वेळ द्या. सातवीसाठी मात्र मी यंदाही नान्नजच लिहून दिलंय. वनखात्याची परवानगी आधी काढा, वीस-वीसचे गट करा, एखादी दुर्बीण मिळाली तर पाहा. आणि सूचनापत्रात मोजे घालून या असं आवर्जून लिहा, कुसळं त्यांतच अडकतात.