मेनरोडवरचं जुनं कापड दुकान: पाचपैकी चार तारे

नाशिकच्या मेनरोडला, रविवार कारंजाच्या अलीकडे, हे दोन मजली दुकान आहे. खाली कापड, मागच्या अंगाला चादरी-टॉवेल, वर साड्या. मालकांना नाव छापलेलं नको आहे, म्हणून देत नाही. नेहमी त्या बाजूला जाणाऱ्यांना लगेच कळेल, कारण ताग्यावरून कापड मोजून देणारी मोठी दुकानं आता फार उरलेली नाहीत.

मला दोनच गोष्टी हव्या होत्या. एक ब्लाउजपीस आणि ह्यांच्या लेंग्याचं कापड. ब्लाउज येवल्याच्या पैठणीवरचा, मोरपंखी. हा रंग ट्यूबलाइटखाली कधी निळा दिसतो, कधी हिरवा. काउंटरवरच्या मुलाने तीन तागे काढले, पैठणीचा पदर माझ्या हातात दिला आणि मी काही म्हणायच्या आत तागे काखोटीला मारून दाराशी गेला. "मावशी, इकडे या, उजेडात बघा." दोन तागे त्यानेच बाद केले. तिसरा बरोबर होता.

हे शिकवावं लागतं, आणि या दुकानात ते अजून शिकवतात. मला त्याची किंमत कळते, कारण मी स्वतः १९७९ साली इथल्या एका सहकारी ग्राहक भांडारात कापड विभागात लागले आणि भांडाराला कुलूप लागेपर्यंत तिथेच होते.

एका छताखाली सगळं मिळणारी दुकानं मॉलवाल्यांनी आणली असं नव्या पिढीला वाटतं. पण १९६२च्या चीन युद्धानंतरच महागाई आवरायला केंद्र सरकारने ग्राहक भांडारांना हात दिला होता. १९६६ला रुपयाचं अवमूल्यन झालं, तेव्हा त्या कामाला आणखी जोर आला. दिल्लीचं सुपर बाजार त्याच वर्षीचं. मुंबईच्या अपना बाजारची सुरुवात तर त्याच्याही आधीची, नायगावातली, १९४८ची. आमचं भांडार त्यांच्यापुढे लहान, पण किराणा, भांडी, वह्या-पुस्तकं, औषधं, कापड असे विभाग होते आणि सभासदांना खरेदीवर रिबेट मिळायचं. नोकरी करणाऱ्या बायका तेव्हा कमी. आम्हा काउंटरवरच्या सगळ्यांना भांडाराची एकसारखी साडी होती आणि ती नेसून बसमध्ये चढलं की लोक भाव विचारायचे.

पहिला महिनाभर मला कात्रीला हात लावू दिला नाही. आधी कापड ओळखायचं. कडेचा धागा उपसून काडी लावायची. सुती धागा जळून त्याची मऊ राख होते, कागद जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी धरतो. टू बाय टू रुबियात, म्हणजे ब्लाउजच्या तलम सुती कापडात, उभा-आडवा दोन्ही धागा दुपदरी असतो, म्हणून ती अंगाला बसते आणि टिकते. पन्ह्याचा, म्हणजे कापडाच्या रुंदीचा, हिशोब तोंडपाठ हवा. ३६ इंची पन्हा असेल तर पूर्ण बाहीच्या शर्टाला अडीच मीटर, ५८ इंचीत एक मीटर साठ सेंटिमीटरमध्ये भागतं. गिऱ्हाइकाला जास्तीचं कापड गळ्यात मारलं तर आमचे विभागप्रमुख सगळ्यांसमोर बोलायचे.

विक्री झाली की तीन प्रतींत कॅशमेमो. त्यावर मालाचा नंबर, पन्हा, मीटर, दर, सगळं लिहायचं. एक प्रत घेऊन गिऱ्हाईक कॅशियरच्या खिडकीशी जायचं, पैसे भरून शिक्का घ्यायचं आणि डिलिव्हरी काउंटरवर तो दाखवला की बांधलेला माल हातात. लोक कुरकुरायचे, सणाला तर दोन्ही रांगा जिन्यापर्यंत जायच्या. पण रात्री विभागवार हिशोब पैशाला पैसा जुळायचा. १९९१च्या सिंहस्थात रामकुंडावर जाणाऱ्यांनी पंचे आणि टॉवेल असे काही उचलले की बिलबुकं पुरली नाहीत. तेव्हाही हिशोब जुळला. मला त्याचा आजही अभिमान आहे.

१८ जानेवारी १९८२ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि हळूहळू आमच्या फळ्यांवरचं मिलचं पॉपलीन, लाँगक्लॉथ आटत गेलं. रिकाम्या फळ्यांवर मालेगावच्या यंत्रमागाचा माल आला. त्यातला काही फार चांगला होता, काही विरळ. बायका ताग्याच्या काठावर मिलचा शिक्का शोधायच्या, तो दिसला नाही की आमच्या तोंडाकडे बघायच्या. "टिकेल का हो?" पगारातले मोजके पैसे घेऊन आलेली बाई हे विचारते, तेव्हा तिला खरं सांगायचं, ही आमची नोकरी होती. बाकी सगळं त्याच्यानंतर.

म्हणून या दुकानात मी लेंग्याच्या कापडाकडे बारकाईने बघत होते. कापड मोजताना ते पट्टीवर ताणलं, तर मीटरमागे दोन बोटं सहज मारता येतात. बघणाऱ्याला पट्टी बरोबर दिसते आणि घरी गेल्यावर कापड कमी भरतं. या मुलाने लोखंडी पट्टी घेतली, टोकाला वजनमापं खात्याचा शिक्का होता. कापड सैल सोडून, सुरकुती हाताने काढून मोजलं. स्वस्तातला दुसरा तागा मी उचलला तर म्हणाला, "सुती म्हणून येतं, पण यात पॉलिएस्टर आहे. काकांना उन्हाळ्यात उकडेल." वर हेही सांगितलं की शिवायच्या आधी रात्रभर भिजवा, आटतं. मी काउंटरवर काम केलेलं आहे हे त्याला माहीत नव्हतं. मॉलमध्ये माल बदलून देतात, ते चांगलंच आहे. पण असं सांगणारं माणूस मला तिथे भेटलेलं नाही.

आता तक्रारी. बिलावर नुसतं "कापड" आणि रक्कम छापून येते. मीटर किती, दर काय, सुती की मिश्र, काही नाही. हे मशीनमध्ये सहज भरता येईल आणि भरायला हवं.

एक तारा मात्र मी दुसऱ्याच कारणासाठी कापलाय. काउंटरमागे एकही स्टूल नाही. मुलं सकाळी दुकान उघडल्यापासून रात्रीपर्यंत उभी. आमच्याकडे फळीच्या कडेला दोन स्टुलं असायची, दुपारी गर्दी ओसरली की आळीपाळीने बसायचो आणि मी पोटुशी होते तेव्हा त्यातलं एक कुणी मला सोडायला लावलं नाही. मालकांशी बोलले. गिऱ्हाइकासमोर बसलेला माणूस बरा दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ते मुळीच पटलं नाही. दुकानातल्या माणसांना बसायला जागा हवी, असा कायदा केरळने २०१८ला केला, तमिळनाडूने २०२१ला केला. तिथली दुकानं काही ओस पडली नाहीत. ज्या मुलाच्या जिवावर तुमचं गिऱ्हाईक टिकलंय, त्याच्या पायांचं बघा. स्टुलं आली की पाचवा तारा मी स्वतः येऊन देईन.

गाडी आणू नका, शालिमारला उतरून चालत या. रुबिया, पॉपलीन, मांजरपाट आणि पंचे इथून निर्धास्त घ्या. तयार कुर्त्यांची शिलाई कच्ची आहे, ते नकोत. वरच्या साड्या रोजच्या नेसणीच्या, पोत चांगला. पैठणी घ्यायची असेल तर मात्र सरळ येवला गाठा.