घरचं ताक की प्रोबायोटिकची कॅप्सूल?

वजन उतरवायला यांतलं काय घ्यावं? प्रोबायोटिक म्हणजे पोटाला उपयोगी मानले जाणारे जिवंत जिवाणू. कॅप्सूलची जमेची बाजू एकच: पाकिटावर जिवाणूचं नाव आणि संख्या छापलेली असते. घरच्या विरजणात कोण कोण नांदतंय, हे आजीलाही ठाऊक नसतं. आणि वाणाला, म्हणजे जिवाणूच्या नेमक्या उपप्रकाराला, महत्त्व आहेच. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या जपानमधल्या एका चाचणीत ८७ जण होते. त्यांतल्या निम्म्यांना लॅक्टोबॅसिलस गॅसेरी या जिवाणूचा एक खास वाण घातलेलं आंबवलेलं दूध १२ आठवडे दिलं. त्यांची पोटातली चरबी सरासरी ४.६ टक्के घटली, वजन १.४ टक्के. म्हणजे सत्तर किलोच्या माणसाचं जेमतेम किलोभर! बरं, तो वाण दिला होता दुधातून, कॅप्सूलमधून नव्हे. दुसऱ्या वाणानं तेच घडेल असंही नाही.

ताकाचं गणित वेगळं. वरचं लोणी काढून घ्यायचं, उरलेल्यात सढळ हातानं पाणी, चिमूटभर जिरेपूड आणि मीठ. पेलाभर ताकात उष्मांक फारसे उरत नाहीत. संध्याकाळी पाचच्या भुकेला फरसाणाऐवजी हा पेला घेतला, तर वजनात फरक पडतो. श्रेय जिवाणूंचं कमी, न खाल्लेल्या फरसाणाचं जास्त. कढी मात्र यात धरू नका. उकळी आली की बहुतेक जिवाणू मरतात, चव तेवढी उरते.

आतड्यातल्या जिवाणूंना खायला तंतू, म्हणजे फायबर, लागतात. माझे पैसे मी कॅप्सूलपेक्षा ज्वारी, कांदा आणि कडधान्यांवर घालवीन. प्रतिकारशक्ती खालावलेल्यांनी तर कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.