पेटीवर 'हस्तलिखित', आत छापील: एका प्रतिकृतीविषयी

या प्रतिकृतीच्या पेटीवर सोनेरी अक्षरांत 'मध्ययुगीन हस्तलिखित' असे लिहिले आहे. आतली ख्रिस्ती प्रार्थनापोथी मात्र मुळातच छापील आहे. फिलिप पिगूशे या मुद्रकाने ती सिमाँ व्होस्त्र या प्रकाशकासाठी १४९८ मध्ये पॅरिसमध्ये छापली. ही चूक वाचून व्होस्त्रला रागाऐवजी समाधानच वाटले असते, कारण चर्मपत्रावर (कमावलेल्या कातड्यावर) छापून पुढे हाताने रंगवलेल्या अशा प्रती हस्तलिखितासारख्या दिसाव्यात, हाच त्यांच्यामागचा हेतू होता.

पोथीचा मजकूर नेहमीचा आहे: दिनदर्शिका, मेरीच्या आठ प्रहरांच्या प्रार्थना, पश्चात्तापाची सात स्तोत्रे, मृतांसाठीची उपासना. आरंभी १४८८ ते १५०८ या वर्षांतील ईस्टर सणाच्या तारखांची कोष्टके आहेत. जुनी कोष्टके पुढच्या आवृत्त्यांतही तशीच वापरली जात, म्हणून त्यांच्या पहिल्या वर्षावरून छपाईचे साल ठरवू नये, हे सोबतच्या पुस्तिकेत नेमकेपणाने सांगितले आहे.

मी सर्वाधिक वेळ घालवला तो तांबड्या रेघांवर. हस्तलिखितात लेखनिक आधी पान आखतो आणि मग त्या आखणीवर लिहितो. येथे मजकूर आधी छापला गेला आणि रेघा नंतर हाताने ओढल्या गेल्या. अक्षरांना आधार देण्याचे काही कामच त्यांच्याकडे नव्हते, त्या केवळ शोभेच्या होत्या. त्यामुळे स्तोत्रांच्या एका पानावर रेघ ओळीच्या तळाशी सुरू होते, हळूहळू वर चढते आणि शेवटच्या शब्दाच्या पोटातून जाते. छपाईत रिकाम्या सोडलेल्या चौकोनांत तांबड्या आणि निळ्या जमिनीवर सोन्याने आद्याक्षरे काढली आहेत, आणि अपुऱ्या ओळींचा उरलेला भागही तशाच पट्ट्यांनी भरला आहे.

पहाटेच्या प्रार्थनेच्या आरंभी देवदूत मेरीला शुभवार्ता सांगतो, ते चित्र भिंगाखाली पाहावे. धातूच्या ठशाने छापलेल्या चित्रावर चित्रकाराने इतका दाट रंग चढवला आहे की मूळ रेखाटन जवळजवळ नाहीसे झाले आहे. केवळ देवदूताच्या पंखावर, जेथे निळा रंग पातळ पडला, तेथे ठशाच्या काळ्या रेषा खालून दिसतात आणि रंगवलेली कड त्यांच्याशी जुळत नाही. पानाच्या किनारीला मात्र त्याने हात लावलेला नाही. तेथे बारीक पांढऱ्या ठिपक्यांच्या काळ्या जमिनीवर छापलेली मृत्युनृत्यातील, म्हणजे मृत्यू ज्यांना नाचत घेऊन जातो ती, माणसे जशीच्या तशी आहेत. सगळीच पाने रंगवणे परवडणारे नव्हते, असा माझा तर्क आहे.

ज्या गोष्टीसाठी ही प्रतिकृती घ्यावी, तिथेच प्रकाशकांनी हात आखडता घेतला आहे. सोने म्हणून पिवळसर चमकदार शाई एकसारखी छापली आहे. मुळात अशा अक्षरांसाठी डिंकात कालवलेली सोन्याची पूड कुंचल्याने लावत, त्यामुळे तिचा थर कुठे जाड, कुठे विरळ असतो. तो चढउतार येथे अजिबात दिसत नाही. कागद दोन्ही बाजूंनी सारखाच गुळगुळीत आहे. चर्मपत्राची केसांकडची पिवळसर, खरखरीत बाजू आणि मांसाकडची पांढरी बाजू यांतला फरक छायाचित्रात अंधुक दिसतो, पण बोटाला जाणवत नाही. त्याहून मोठी तक्रार अशी की काही पाने संगणकावर 'स्वच्छ' केलेली आहेत. दोन ठिकाणी तांबडी रेघ अक्षराजवळ येऊन अचानक थांबते आणि पलीकडे पुन्हा सुरू होते. हा आखणाऱ्याचा हात नव्हे. याबद्दल मी प्रकाशकांना लिहिले, तेव्हा वाचनीयतेसाठी तसे केल्याचे उत्तर आले. लॅटिन मजकूर वाचायलाच कोणी प्रतिकृती विकत घेत असेल, असे मला वाटत नाही.

शिवण पक्की आहे, पान पूर्ण उघडते आणि छपाईचे काळे रंग उत्तम उतरले आहेत. ज्यांना किनारीतील धातूच्या ठशांचा अभ्यास करायचा आहे, त्यांनी ही प्रत निःशंकपणे घ्यावी. हाताने केलेल्या सजावटीसाठी घेणाऱ्यांनी आधी स्तोत्रांची पाने उघडून तांबड्या रेघा तुटलेल्या आहेत का, ते पाहावे.