पिना कडक करून देणारे उद्यमबागेतले जॉबवर्कवाले: सहा वर्षांचा अनुभव

आमचं बेळगावच्या उद्यमबागेत लहान वर्कशॉप आहे. दोन सीएनसी आणि बाबांच्या काळचा एक लेथ. हायड्रॉलिक सिलिंडरच्या पिना करतो. टर्निंग आमच्याकडे, हीट ट्रीटमेंट, म्हणजे तापवून कडक करणं, पहिल्यापासून बाहेर.

बाबा गेल्यावर बरेच जण म्हणाले, स्वतःची भट्टी घाल. मी हिशेब मांडून बघितला. आमचा माल आठवड्याला दीडशे किलो. कार्बुरायझिंगची (पोलादाच्या वरच्या थरात कार्बन मुरवायची) भट्टी ९२० अंशांच्या आसपास न्यायची, तासन्‌तास तिथंच धरायची, मग क्वेंचिंग, म्हणजे तेलात झटकन थंड करणं, मग परत थोडं तापवून टेंपरिंग. एवढ्याशा मालासाठी ती रोज तापवणं परवडत नाही, आणि तापमान सांभाळणारा जाणता माणूस आम्ही कुठून आणणार? जॉबवर्कवाल्यांकडे दहा जणांचा माल एकत्र जमतो, म्हणून भट्टी भरून चालते.

आधी स्वस्त पडतं म्हणून मी माल दुसरीकडे द्यायचे. वरचा कडकपणा बरोबर यायचा, पण केस डेप्थ, म्हणजे कडक थराची जाडी, ०.८ मिमी सांगून निम्मीच. ग्राइंडिंगमध्ये वरचा थर आणखी निघाला आणि गिऱ्हाइकाकडून १८० पिना परत आल्या. त्या रात्री मला झोप नव्हती.

आताचे जॉबवर्कवाले प्रत्येक लॉटबरोबर आमच्याच बारचा तुकडा भट्टीत घालतात, तो कापून डेप्थ मोजतात आणि रिपोर्ट देतात. दोन वर्षांपूर्वी ऐन मार्चअखेरीला फोरमनचा फोन आला, "अक्का, गाडी कळसब्याड्री." म्हणजे गाडी पाठवू नका. कडकपणा ५८ ते ६२ रॉकवेल हवा होता, ५४ येत होता, क्वेंचिंगचं तेल जास्त तापलं होतं. माल माझ्या दारात यायच्या आधी त्यांनी स्वतः सांगितलं आणि परत हार्डनिंग करून दिलं, पैसे न घेता. दोन दिवस उशीर झाला, पण गिऱ्हाइकाला खरं कारण सांगता आलं. त्या फोनसाठी मी या लोकांना कायम मानते.

उणं म्हणजे, पावसाळ्यात धुतलेल्या मालाला तेल नीट लावत नाहीत, गंज धरतो. लांब पिना आडव्या ठेवल्या तर वाकतात. उभ्या टांगायच्या, असं मालाबरोबरच्या चलनावरच लिहा. लॉट लहान असला तरी किमान मजुरी द्यावीच लागते.

शिनोळीला देणाऱ्यांसाठी एक सांगते. अंतर फार नाही, पण ते चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. जॉबवर्कचा माल राज्याबाहेर पाठवताना किंमत कितीही कमी असो, ई-वे बिल (माल नेण्यासाठी जीएसटीच्या पोर्टलवर काढायचा कागद) लागतंच. इथल्या इथं ५०,००० च्या आतल्या मालाला आमचं चलनावर भागतं. आणि कुठंही द्या, कच्चा माल वर्षाच्या आत परत आला पाहिजे, नाहीतर तो पाठवला त्या दिवशीच विकला असं जीएसटीत धरतात. चलनांची वही मी स्वतः ठेवते.

फोन सकाळी दहाच्या आत करा. नंतर फोरमन भट्टीपाशी असतो, उचलत नाही.