एकटीचे समुपदेशन की कुटुंबासह?

अमेरिकेत जन्मलेल्या दक्षिण आशियाई मुलींबरोबर काम करू लागलेल्या समुपदेशकाला लवकरच ठरवावे लागते, की तिच्याशी एकटीशी बोलावे की आईवडिलांनाही बोलवावे. मी दोन्ही पद्धतींनी काम केले आहे.

कुटुंबासह बसण्याच्या बाजूने बरेच काही आहे. १९६५च्या कायद्याने स्थलांतराचे दार उघडल्यानंतर आलेल्या अनेकांच्या मनात मायदेश त्यांनी सोडला तसाच राहिला. तिकडची मावस-चुलत भावंडे स्वतः जोडीदार निवडू लागली, तरी इथल्या मुलीला जुनाच नियम लागू असतो. ही विसंगती आईवडिलांसमोर मांडता आली, तर मुलीच्या ‘हट्टा’पलीकडचे बोलणे सुरू होते. उलट, ‘ठामपणे नाही म्हणा’ हा इथल्या प्रशिक्षणातला सल्ला एकटीला दिला, तर बहुधा ती पुढच्या आठवड्यात अपराधी भावना घेऊन परतते.

तरीही माझा कल एकटीच्या भेटींकडेच राहिला. मी मराठी बोलतो हे कळताच वडील म्हणत, “तुम्हीच समजवा हिला, तुमचं ऐकेल ती.” मग मी समुपदेशक न उरता घरातला काका होत असे, मुलगी गप्प होई आणि मी निवाडा देण्याचे टाळले, की आई नाराज होई. माझी भूमिका आरंभीच स्पष्ट केली, लेखीही दिली; पहिल्या मतभेदापर्यंतच ती टिकली. मराठी न बोलणाऱ्या सहकाऱ्याचा अनुभव कदाचित वेगळा असेल.

एकटीच्या भेटीत कुटुंब वगळावे लागते असेही नाही. मी तिच्याकडून तीन पिढ्यांचा जीनोग्राम, म्हणजे नातेसंबंधही दाखवणारा वंशवृक्षासारखा आराखडा, काढून घेतो. कोणत्या आत्याने लग्न नाकारले, आजीचे शिक्षण कुठे थांबले, हे विचारायला ती घरी फोन करते आणि आईशी कित्येक महिन्यांत न झालेले बोलणे तेथे होते.

एक व्यावहारिक अडचण मात्र आहे. वयाच्या २६व्या वर्षापर्यंत मुले पालकांच्या आरोग्यविम्यावर राहू शकतात, आणि भेटींचे विवरणपत्र बहुधा विमाधारक पालकांकडेच जाते. त्यामुळे पत्रव्यवहार वेगळ्या पत्त्यावर करण्याची विनंती विमा कंपनीला करायची, की शुल्क स्वतः भरायचे, हे पहिल्याच भेटीत विचारावे. पुढे तिनेच आईवडिलांना आणायचे म्हटले, तर मी नकार देत नाही. फक्त त्या भेटींसाठी दुसऱ्या समुपदेशकाचे नाव सुचवतो.